तीन चेंडूंचे श्वासयंत्र आणि नवशिक्याचे धावणे : चार महिन्यांच्या वापरानंतरचा अभिप्राय

गेल्या दिवाळीनंतर, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, मी धावायला सुरुवात केली. टिळकवाडीतील व्हॅक्सिन डेपोच्या आवारात, जिथे एकेकाळी देवीची लस तयार होत असे आणि आता पहाटेपासून निम्मे बेळगाव चालायला येते, तिथल्या झाडांखालच्या वाटेवर मी पहिल्या दिवशी जेमतेम दोनशे पावले पळाले आणि एका खोडाला हात टेकून उभी राहिले. पायांना काही झाले नव्हते, गुडघेही शाबूत होते, पण छातीत हवा मावत नव्हती आणि मावली तरी पुरत नव्हती. तीन दिवस हाच प्रकार झाल्यावर, अडचण श्वासाची आहे तेव्हा उपायही श्वासाचाच हवा, असा सरळ हिशेब मी मांडला. शाळेत शिक्षकांच्या खोलीत हा विषय निघताच एका सहकारी बाईंनी करोनाच्या काळात घरोघरी आलेल्या तीन चेंडूंच्या यंत्राची आठवण करून दिली, त्याने फुप्फुसे मोठी होतात असे ठामपणे सांगितले, आणि त्याच संध्याकाळी मी खडेबाजारातील एका औषधांच्या दुकानातून ते २८० रुपयांना विकत घेतले. त्यानंतरचे चार महिने मी ते नियमाने वापरले. त्याच चार महिन्यांत मी न थांबता अर्धा तास पळू लागले. या दोन गोष्टींचा एकमेकींशी फारसा संबंध नाही, असे माझे मत झाले आहे.

हे यंत्र पाहिलेलेच नाही असे घर आता विरळा, तरी त्याचे वर्णन करते, कारण त्यावरच्या आकड्यांविषयी बराच गैरसमज आहे. पारदर्शक प्लास्टिकचे तीन उभे कप्पे एकमेकांना चिकटलेले असतात, प्रत्येकात एक हलका पोकळ चेंडू असतो, आणि खालच्या बाजूने वळ्यावळ्यांची एक नळी निघते, जिचे टोक तोंडात धरायचे असते. कप्प्यांवर ६००, ९०० आणि १२०० असे आकडे छापलेले असतात. हे आकडे फुप्फुसात मावणाऱ्या हवेचे आहेत असे मीही समजत होते. प्रत्यक्षात ते हवेच्या वेगाचे आहेत. सेकंदाला ६०० घन सेंटिमीटर या वेगाने हवा आत ओढली की पहिला चेंडू उचलला जातो, ९०० ला दुसरा आणि १२०० ला तिसरा. म्हणजे क्षणभर जोरात सुस्कारा आत ओढून तिन्ही चेंडू टाळकन वर आपटले तरी फुप्फुसात फार हवा गेलेली असेलच असे नाही. उलट एकच चेंडू चार सेकंद वर धरून ठेवला तर ६०० गुणिले ४ म्हणजे २४०० घन सेंटिमीटर, जवळजवळ अडीच लिटर हवा आत जाते. यंत्राचा खरा उपयोग या दुसऱ्या प्रकारात आहे. पोटाच्या किंवा छातीच्या शस्त्रक्रियेनंतर दुखण्यामुळे रुग्ण वरवर श्वास घेतो, फुप्फुसांच्या तळाचे वायुकोश मिटून राहतात आणि तिथे कफ साठून ज्वर येण्याची भीती असते. ते वायुकोश उघडे राहावेत म्हणून रुग्णाला सावकाश, लांब आणि खोल श्वास घ्यायला लावणे, आणि तो नीट घेतला जातो आहे की नाही हे त्याला डोळ्यांनी दिसावे म्हणून समोर चेंडू ठेवणे, एवढीच या उपकरणामागची कल्पना आहे आणि ती फार चांगली आहे.

आमच्याकडे मात्र त्याला सर्रास ‘फुंकायचे मशीन’ म्हणतात आणि अनेक जण खरोखरच त्यात फुंकत बसतात. चेंडू हलत नाहीत म्हणून यंत्र बिघडले असे समजून ते परत करायला आलेली दोन गिऱ्हाइके दुकानदाराने मला त्याच आठवड्यातली सांगितली. दोष सगळा गिऱ्हाइकांचा नाही. खोक्यातला कागद इंग्रजीत आहे, त्यावर चार ओळी हिंदीच्या आहेत, मराठीची एक ओळ नाही आणि कन्नडचीही नाही. सीमाभागात दोन्ही भाषांना इतका समसमान न्याय मिळालेला मी क्वचितच पाहिला आहे. कागदावरची चित्रे बरी आहेत, पण चित्रातला माणूस हवा आत घेतो आहे की बाहेर सोडतो आहे हे बाणाच्या टोकावरून ओळखावे लागते आणि माझ्या प्रतीवर ते टोकच छपाईत पुसट झाले होते.

पहिल्या आठवड्यात माझ्याकडून एक चूक झाली. दिवसातून काही वेळा दहा-दहा श्वास पुरेत असे कागदावर असताना, गणिताच्या शिक्षिकेला शोभेल अशा उत्साहाने मी पलंगाच्या कडेला बसून एका दमात तीसचा आकडा धरला. अठराव्या की एकोणिसाव्या श्वासाला ओठांभोवती मुंग्या आल्या, बोटे बधिर झाली आणि समोरची भिंत किंचित तिरकी झाली. मी आडवी झाले आणि पाच मिनिटांत सगळे ठीक झाले, पण त्या पाच मिनिटांनी मला श्वासाविषयी एक मोलाची गोष्ट शिकवली. बसल्या जागी गरजेपेक्षा जास्त हवा आतबाहेर केली की रक्तातला कार्बन डायऑक्साइड नको तितका कमी होतो आणि त्यानेच चक्कर व मुंग्या येतात. श्वास घ्यावासा वाटणे ही भावनासुद्धा मुख्यतः याच वायूच्या वाढण्याने निर्माण होते, प्राणवायू संपल्याने नव्हे. माझ्या मनात आजवर याच्या अगदी उलट चित्र होते.

ते चित्र उलटे होते याची खात्री मला करोनाच्याच काळातल्या दुसऱ्या एका उपकरणाने दिली. रक्तातला प्राणवायू टक्क्यांत दाखवणारा, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर कपाटात पडून होता. एके दिवशी तो खिशात घालून डेपोत गेले, धाप लागेपर्यंत पळाले आणि थांबल्याबरोबर बोट त्यात घातले. धावताना हात हलत असल्याने तो आकडा भलताच दाखवतो, म्हणून एका जागी उभे राहून आकडा स्थिर होऊ दिला. छाती भात्यासारखी वरखाली होत होती, कानात ठोके ऐकू येत होते आणि पडद्यावर ९७ हा आकडा होता. घरी सोफ्यावर बसून तो ९८ असतो. म्हणजे मला हवा कमी पडत नव्हती. माझी फुप्फुसे, जी मोठी करण्यासाठी मी २८० रुपये खर्च केले होते, ती आपले काम चोख करत होती. कमी पडत होते ते हृदय आणि मांड्यांचे स्नायू, कारण बारा वर्षे जिने चढण्यापलीकडे त्यांना मी काही सांगितलेच नव्हते. वेग त्यांच्या ताकदीबाहेर गेला की स्नायूंत आम्ल साठू लागते, ते निवळवताना रक्तात जास्तीचा कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि तो बाहेर टाकण्यासाठी श्वास एकदम चढतो. नवशिक्याची धाप ही बहुधा अशी असते. त्या धापेवर छातीतून तोडगा निघत नाही, पायांतून निघतो.

वर्गात फळ्यावर मांडावा तसा एक हिशेब इथे मांडते, कारण या यंत्राच्या धावण्यातील उपयोगाविषयीचा निकाल माझ्या मते त्यातच लागतो. विश्रांतीत माणूस मिनिटाला साधारण ६ ते ८ लिटर हवा आत घेतो. माझ्यासारखी बाई सावकाश पळतानाही मिनिटाला सहज ४० लिटर घेते, म्हणजे २५ श्वास आणि दर श्वासाला १.६ लिटर. यातला निम्मा वेळ हवा आत घेण्यात आणि निम्मा सोडण्यात जातो असे धरले, तर ४० लिटर हवा ३० सेकंदांत आत आली, म्हणजे सेकंदाला सरासरी १३३३ घन सेंटिमीटर. यंत्रावरचा सर्वांत अवघड चेंडू १२०० वर उचलला जातो! ज्या तिसऱ्या चेंडूसाठी मी आठवडाभर गाल आत ओढून झटत होते, तो पळताना माझ्या नकळत दर श्वासाला उचलला गेला असता. निरोगी माणसासाठी हा व्यायाम म्हणजे रोज दोन किलोमीटर चालणाऱ्याला अंगणात चार पावले टाकायला सांगण्यासारखे आहे. श्वासाच्या स्नायूंना अडथळ्याविरुद्ध काम करायला लावणारी, अडथळा कमी-जास्त करता येणारी उपकरणे वेगळी असतात आणि बरीच महाग असतात. त्यांचे गुण या चेंडूंना चिकटवून हे यंत्र खेळाडूंना विकले जाते, ही मला फसवणूक वाटते.

तरीही यंत्राच्या बाजूने एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, आणि ती लहान नाही. दर श्वासातली सुमारे १५० घन सेंटिमीटर हवा नाक, घसा आणि श्वासनलिकेतच राहते. ती वायुकोशांपर्यंत पोहोचत नाही आणि तिचा काही उपयोग होत नाही. आता एकाने मिनिटाला ४० वेळा ३०० घन सेंटिमीटरचा उथळ श्वास घेतला आणि दुसऱ्याने २० वेळा ६०० चा खोल श्वास घेतला, तर दोघांचीही हवा १२ लिटरच भरते. पण पहिल्याच्या कामी ६ लिटर येते आणि दुसऱ्याच्या ९. नवशिका धावणारा घाबरला की नेमका पहिल्यासारखा वागतो. खांदे कानांशी जातात, श्वास गळ्याखाली चार बोटांवर थांबतो आणि कुत्र्याने धापा टाकाव्यात तसे होऊन बसते. यंत्र समोर ठेवून, एक हात पोटावर ठेवून, पहिला चेंडू सावकाश वर धरायचा सराव केला की पोट पुढे येते, खालच्या बरगड्या बाजूंना पसरतात आणि खांदे जागच्या जागी राहतात. श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्या मधला स्नायूंचा पडदा, खाली जाणे म्हणजे काय, हे मला आयुष्यात प्रथमच अंगाने कळले. ते कळायला चार दिवस पुरले. अर्थात उताणे झोपून पोटावर शाळेची वही ठेवली आणि ती वरखाली होताना पाहिली तरी हेच कळते, आणि वहीला २८० रुपये पडत नाहीत.

माझ्या धावण्याला खरे वळण मिळाले ते दुसऱ्याच एका माणसामुळे. डेपोत एक निवृत्त सुभेदार रोज येतात. त्यांची सारी नोकरी मराठा लाइट इन्फंट्रीत गेली, आणि आता भोवतालच्या खेड्यांतून सैन्यभरतीसाठी १६०० मीटरची तयारी करणाऱ्या मुलांना ते फुकट शिकवतात. तिसऱ्या आठवड्यात मी त्यांच्या शेजारून धापा टाकत गेले तेव्हा ते म्हणाले, "काय ओ बाई, कुत्रं मागं लागल्यागत कशाला पळूलाय? दमानं जावा की!" आपल्या भाषेतला हा ‘दमानं’ शब्द मी जन्मभर वापरत आले आहे. भाकरी दमानं भाज, गाडी दमानं चालव, दम धर. श्वास आणि सबुरी यांना आपण एकच शब्द वापरतो हे माझ्या लक्षात आले नव्हते, आणि धावण्याच्या बाबतीत तर त्या एका शब्दात सगळे वेळापत्रक आहे. त्यांनी मला जो वेग दाखवला तो इतका कमी होता की शेजारून काठी टेकत चालणारे एक आजोबा आमच्याबरोबरीने येत होते. त्या वेगाने मी आठ मिनिटे पळाले. त्याआधी माझी मजल दीड मिनिटाची होती.

वेग योग्य आहे की नाही हे ओळखण्याची खूण म्हणजे पळताना बोलता येणे. ही कसोटी सर्वत्र सांगितली जाते, पण एकट्याने पळणाऱ्याने बोलायचे कोणाशी, हा प्रश्न राहतो. मी त्यासाठी पाढे वापरते. तेरा चोक बावन्न, तेरा पंचे पासष्ट, तेरा सक अठ्ठ्याहत्तर असे तीन टप्पे एका श्वासात, पुटपुटत नव्हे तर वर्गात म्हणतो त्या आवाजात म्हणता आले, तर वेग बरोबर आहे. एकच टप्पा म्हणून मध्ये तोंड उघडावे लागले, तर वेग जास्त आहे आणि तिथेच चालायला लागावे. चालणे हा पराभव नव्हे हे स्वतःला पटवायला मला सर्वांत जास्त वेळ लागला. जॉश क्लार्क यांनी १९९६ साली नवशिक्यांसाठी आखलेला नऊ आठवड्यांचा प्रसिद्ध क्रमसुद्धा एक मिनिट पळणे आणि दीड मिनिट चालणे, असे वीस मिनिटे, आठवड्यातून तीनदा, अशाच पायरीवर सुरू होतो. मीही पुढे त्याच धर्तीवर गेले, फक्त नऊ आठवड्यांचे मला चौदा लागले.

पावलांच्या तालावर श्वास बसवण्याचा उपाय मी यंत्राच्या बरोबरीने करून पाहिला, आणि दोहोंत तुलना करायची तर ताल निर्विवाद सरस आहे. माझी पावले मिनिटाला साधारण १६० पडतात. तीन पावलांत श्वास आत आणि तीन पावलांत बाहेर, असे केले की मिनिटाला २७ च्या आसपास श्वास होतात, आणि दोन-दोनचा ताल धरला की ४०. पहिला ताल सपाटीवर सावकाश पळताना जमतो, दुसरा चढावर आपोआप येतो. तीन-तीनचा ताल मोडला की वेग वाढला हे समजते, म्हणजे पाढ्यांसारखीच ही दुसरी सूचना. चौखूर धावणाऱ्या प्राण्याला हे स्वातंत्र्य नाही, कारण घोडा दर झेपेला एकच श्वास घेऊ शकतो. माणूस मात्र दोनाला एक, तीनाला एक, असे वेगवेगळे ताल बदलू शकतो, हे डेनिस ब्रॅम्बल आणि डेव्हिड कॅरियर या शास्त्रज्ञांनी १९८३ साली मांडले. म्हणून कोणी एकच ताल हाच खरा असे सांगू लागले तर ऐकून घ्यावे आणि आपल्याला सोसेल तो धरावा. मी पहिले पंधरा दिवस पावले मोजण्याच्या नादात समोरचे दगड पाहायचे विसरत होते आणि एकदा घसरलेही, तेव्हा मोजणे सरावापुरतेच ठेवावे.

नाकाने की तोंडाने, या वादावर आमच्या पिढीला शाळेच्या मैदानातच निकाल मिळाला होता. तोंड उघडले की कवायतीचे सर ओरडत. भरतीची मुलेही ओठ घट्ट मिटून पळतात आणि तिसऱ्या फेरीला त्यांचे चेहरे पाहवत नाहीत. नाकाने घेतलेली हवा गाळली जाते, ओलसर आणि ऊबदार होते, हे खरे आहे. डिसेंबरातल्या पहाटे डेपोत धुके उतरलेले असते तेव्हा तोंडाने पळून घसा कोरडा ठणठणीत झाल्याचा अनुभव मी घेतला आहे. पण नाकाची वाट अरुंद आहे आणि मिनिटाला ४० लिटरची मागणी तिला फार वेळ पेलत नाही. आरंभीच्या चालण्यात नाकाने, पुढे नाक व तोंड दोन्हींनी, आणि थंडीत ओढणीचे टोक तोंडावरून घेऊन, असे मी करते. यंत्र तर तोंडानेच ओढायचे असल्याने या बाबतीत ते काहीच शिकवत नाही.

बरगडीखाली येणाऱ्या कळीसाठीही या यंत्राचा उपयोग सांगितला जातो, तो मला आढळला नाही. पोहे खाऊन तासाभरात पळाले की कळ येते आणि रिकाम्या पोटी पळाले की येत नाही, इतके ते साधे होते. आली तर चालू लागावे, दुखरी जागा बोटांनी दाबून किंचित पुढे वाकावे आणि ओठांतून लांब उच्छ्वास सोडावा.

हवेविषयी बोलायचे तर बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंचीवर आहे, आणि गोव्याहून येणारे पाहुणे दम लागला की त्याचे खापर या उंचीवर फोडतात. इथे हवेचा दाब समुद्रकाठापेक्षा आठ-नऊ टक्क्यांनी कमी असतो, पण माझ्या बोटावरचा ९७ चा आकडा पाहता त्याने नवशिक्याचे काही अडत नाही. धुराची गोष्ट मात्र वेगळी. जानेवारीत आठवडाभर सासरी, चिकोडी तालुक्यात होते. ऊसतोडीनंतर शेतात पाचट पेटवलेले होते आणि शेजारच्या गुऱ्हाळाच्या चिमणीचा धूर संध्याकाळी खाली बसत होता. त्या हवेत दहा मिनिटे पळाल्यावर छातीत शिट्टीसारखा आवाज आला आणि खोकला रात्रीपर्यंत टिकला. दुसऱ्या दिवसापासून मी पळण्याची वेळ बदलून सकाळची केली आणि तो पुन्हा आला नाही. ज्यांना स्वच्छ हवेतही पळणे थांबवल्यावर पाच-दहा मिनिटांनी असा खोकला किंवा घरघर येते, त्यांनी हे यंत्र विकत घेण्याऐवजी आधी डॉक्टरांकडे जावे, कारण तो दम्याचा प्रकार असू शकतो आणि त्यावर चांगली औषधे आहेत. छातीत दुखणे किंवा भोवळ येणे ही लक्षणे तर कोणत्याच अभिप्रायावर सोडू नयेत.

आता वस्तू म्हणून ती कशी आहे ते सांगते. मधला चेंडू पहिल्या दिवसापासून किंचित अडकत होता. कप्प्याच्या जोडावर प्लास्टिकचा एक बारीक काटा राहिला होता, तो मी नखकापणीने खरवडला. नळी तळाशी सैल बसते आणि जोरात ओढले की पुटकन निघून येते. दोरा गुंडाळून मी ती पक्की केली. वळ्यावळ्यांच्या नळीत लाळेचे थेंब साठतात आणि त्या वळ्यांत कापड पोहोचत नाही, म्हणून ती कोमट साबणपाण्यात हलवून, धुऊन, उलटी टांगून वाळवावी लागते. हे रोज करणारे घर मी पाहिलेले नाही. एक यंत्र एकाच माणसाने वापरावे, ही सूचना कागदावर सर्वांत बारीक अक्षरात आहे आणि सर्वांत महत्त्वाची आहे. आमच्या घरी पाहुण्या पोरांनी ते खेळणे म्हणून फिरवून फिरवून वापरल्याचे मला दुसऱ्या दिवशी कळले आणि मी तोंडाचा भाग उकळत्या पाण्यात घातला, तर तो वाकडा झाला. दुकानदाराने सुटा भाग मिळत नाही असे सांगितले. विकत घेणाऱ्याने खोके दुकानातच उघडून तिन्ही चेंडू हाताने उलटसुलट करून पाहावेत आणि नळी ओढून पाहावी.

धावण्यासाठी म्हणून या वस्तूला मी पाचपैकी दीड गुण देते. एक गुण पोटाने श्वास घ्यायला शिकवल्याबद्दल आणि अर्धा गुण पळायला निघण्यापूर्वी पायरीवर बसून शांत होण्याचे निमित्त दिल्याबद्दल. शाळेतल्या त्या सहकारी बाईंना मी सारा हिशेब कागदावर मांडून दाखवला. त्यांनी तो शांतपणे वाचला आणि तरीही आपल्या भाच्यासाठी एक यंत्र मागवलेच. भाचा भरतीची तयारी करतो आहे. त्याला सुभेदारांकडे पाठवा, एवढेच मी म्हणाले.

मार्चमध्ये मात्र हेच यंत्र मी दुसऱ्यांदा विकत घेतले, त्याच दुकानातून, या वेळी ३०० रुपयांना. मामंजींची हर्नियाची शस्त्रक्रिया ठरली होती आणि शल्यविशारदांनी आधी आठ दिवस सराव करायला सांगितला होता. वय ७९, तंबाखूच्या वखारीत गेलेली चाळीस वर्षे, आणि श्वास असा की पहिला चेंडू तळातून बोटभर उठून परत पडत असे. त्यांना मी फुंकू दिले नाही आणि घाईही करू दिली नाही. घड्याळाचा ठोका पडला की दहा श्वास, मध्ये दोन दोन उसंती, हात पोटावर. शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी चिकोडीहून आलेली माणसे भोवती बसलेली असताना त्यांनी पहिला चेंडू वर नेला आणि मी मनात एक, दोन, तीन मोजेपर्यंत तो तिथेच धरून ठेवला. तोंडात नळी असल्याने बोलता येत नव्हते, म्हणून त्यांनी भुवई उंचावून मला शेजारचा पिवळा चेंडू दाखवला. तो किंचित थरथरत होता.